हाताने होणारी बिल्ड ग्रंटकडे सोपवताना

इंदूरच्या लोकमान्य नगरात एक लहानसे मराठी वाचनालय आहे आणि त्याच्या पुस्तकसूचीचे संकेतस्थळ आम्ही तिघे-चौघे मिळून सांभाळतो. संकेतस्थळ अगदी साधे आहे. दोन एचटीएमएल पाने, तीन सीएसएस फायली, चार जावास्क्रिप्ट फायली, मुखपृष्ठांची छायाचित्रे आणि एक देवनागरी फॉन्ट एवढाच त्याचा संसार. तरीही प्रत्येक बदलानंतर ते सर्व्हरवर चढवण्यापूर्वी जुने फोल्डर रिकामे करणे, सीएसएस एकत्र करणे, जावास्क्रिप्ट मिनिफाय करणे (म्हणजे अनावश्यक जागा वगैरे काढून फाइल लहान करणे), छायाचित्रे नव्या जागी नेणे, पानांमधला आवृत्तीक्रमांक बदलणे अशी पाच-सहा कामे ठरलेल्या क्रमाने करावी लागत. हा क्रम केवळ माझ्या डोक्यात होता. मी पुण्याला लग्नाला गेलो की वाचनालयात आलेली नवी पुस्तके सूचीत दिसायला आठवडा लागे आणि ग्रंथपाल काकू फोन करून विचारत, ‘‘अहो, तुम्ही परत कधी येताय?’’ या साऱ्या कामांना मिळून बिल्ड म्हणतात. बिल्ड स्वयंचलित करण्यामागचे खरे कारण वेळ वाचवणे हे नसून, एका माणसाच्या स्मरणातला क्रम फाइलीत उतरवणे हे आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

दर उन्हाळ्यात महाविद्यालयातील दोन-तीन नवे विद्यार्थी मदतीला येतात. त्यांना एचटीएमएल आणि थोडीफार जावास्क्रिप्ट येते, परंतु कमांड प्रॉम्प्टशी त्यांचा परिचय बेताचाच असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातील सर्व आज्ञा आणि फायलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकावयाची आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

कामांची यादी आणि त्यांचा क्रम फाइलीत लिहून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले ते याच गरजेतून. जावास्क्रिप्टच्या जगात ही उणीव बेन आल्मन यांच्या ‘ग्रंट’ या टास्क रनरने, म्हणजे ठरवून दिलेली कामे चालवणाऱ्या साधनाने, २०१२ मध्ये भरून काढली. ग्रंट स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. फायली जोडणे, तपासणे, मिनिफाय करणे ही कामे त्याचे प्लगइन करतात आणि ग्रंट त्यांना हाका मारतो. इंदूरच्या कापड गिरण्या आता बंद पडल्या असल्या, तरी ज्यांच्या घरातले कोणी तिथे कामाला होते त्यांना ही मांडणी चटकन समजेल : कापूस पिंजण्याचे यंत्र वेगळे, पेळूचे वेगळे, सुताचे वेगळे आणि माग वेगळा, एका खात्यातून निघालेला माल पुढच्या खात्यात जातो.

आज नवे मोठे ॲप्लिकेशन उभारायचे असेल तर बहुतेक लोक व्हीट किंवा वेबपॅक या बिल्डच्या साधनांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वर्डप्रेसच्या मूळ प्रकल्पात २०१३ पासून ग्रंट वापरला गेला आहे आणि अनेक महाविद्यालयांत चालणाऱ्या मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीच्या विकासातही तो वापरला जातो, त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच वर्षी एखादी ग्रंटफाइल समोर येण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय आमच्यासारख्या, ज्याला कुठलेही फ्रेमवर्क नाही अशा संकेतस्थळाला ग्रंट पुरेसा आहे, आणि त्याची फाइल नवशिक्याला वाचून कळते.

कागदापासून सुरुवात

संगणक उघडण्याआधी, आपण हाताने काय करतो ते कागदावर क्रमाने लिहून काढावे. ‘सीएसएस नीट करणे’ असे मोघम लिहू नये. कुठल्या फोल्डरमधील कुठली फाइल, कुठल्या क्रमाने, कुठे जाते, हे लिहावे. विद्यार्थी ही पायरी गाळतात आणि थेट कुणाच्या तरी प्रकल्पातील ग्रंटफाइल उचलून आणतात. मग त्यांच्या बिल्डमध्ये अशी चार कामे चालू राहतात, ज्यांची त्यांना गरजच नसते.

याच वेळी प्रकल्पाचे दोन भाग करावेत. आपण स्वतः लिहिलेले सारे ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरमध्ये राहील आणि बिल्डमधून तयार होणारे सारे ‘डिस्ट’मध्ये जाईल. ‘डिस्ट’मधील फाइलीला हाताने कधीही हात लावायचा नाही, कारण पुढच्या बिल्डमध्ये ती पुसली जाणार आहे. सर्व्हरवर मात्र फक्त ‘डिस्ट’च चढवायचे.

नोड आणि पॅकेज फाइल

ग्रंट चालतो तो नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर. नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘एलटीएस’ असे लिहिलेली, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती घ्यावी; तिच्याबरोबर एनपीएम हा पॅकेज व्यवस्थापक आपोआप येतो. वाचनालयांत आणि शाळांत अजूनही विंडोज ७ असलेले संगणक आढळतात; नोडच्या १४व्या आवृत्तीपासून त्यांच्यावर नोड चालत नाही, तेव्हा तिथे खटपट करण्यात दुपार घालवू नये, दुसरा संगणक शोधावा. स्थापना झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट नव्याने उघडून ‘नोड --व्हर्जन’ आणि ‘एनपीएम --व्हर्जन’ या आज्ञा द्याव्यात. दोन्हींना उत्तरादाखल आकडे आले की पुढे जाता येते. पॉवरशेल वापरल्यास या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यास मनाई आहे, अशा अर्थाचा लाल संदेश काही जणांना दिसतो. नोडमध्ये त्याने काही बिघाड झालेला नसतो, ते विंडोजचे सुरक्षाधोरण असते. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरला की ही अडचण येत नाही.

आता प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा द्यावी. ती काही प्रश्न विचारते आणि शेवटी ‘पॅकेज.जेसन’ ही फाइल तयार करते. नाव विचारले जाईल तेव्हा लहान रोमन अक्षरे वापरावीत आणि मध्ये मोकळी जागा सोडू नये. इतर प्रश्नांना नुसते एंटर दाबले तरी चालते. या फाइलीतील आवृत्तीक्रमांकाचा आपण पुढे उपयोग करणार आहोत.

त्यानंतर ‘एनपीएम इन्स्टॉल ग्रंट --सेव्ह-डेव्ह’ अशी आज्ञा द्यावी. शेवटच्या शब्दामुळे ग्रंटची नोंद पॅकेज फाइलीत विकासापुरत्या लागणाऱ्या साधनांच्या यादीत होते. इंटरनेटवरील बहुतेक जुन्या पाठांत याआधी ‘ग्रंट-सीएलआय’ संपूर्ण संगणकासाठी स्थापित करायला सांगितलेले असते. ते काय आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘ग्रंट-सीएलआय’ म्हणजे ग्रंट नव्हे. ती एक लहानशी आज्ञा आहे, जी चालू प्रकल्पात कुठला ग्रंट स्थापित आहे ते शोधते आणि त्याला काम सोपवते. त्यामुळे एकाच संगणकावरील दोन प्रकल्पांत ग्रंटच्या दोन वेगळ्या आवृत्त्या सुखाने नांदू शकतात. मात्र पॅकेज फाइलीतील ‘स्क्रिप्ट्स’ या भागात ‘बिल्ड’ हे नाव आणि त्यापुढे ‘ग्रंट’ ही आज्ञा लिहिली, तर ‘एनपीएम रन बिल्ड’ म्हटल्यावर एनपीएम प्रकल्पातीलच ग्रंट चालवतो आणि संगणकभर काही स्थापित करावे लागत नाही. माझा आग्रह या दुसऱ्या पद्धतीचा असतो.

ग्रंटफाइलची रचना

मुख्य फोल्डरमध्ये ‘ग्रंटफाइल.जेएस’ या नावाची फाइल तयार करावी. तिच्या नावातील पहिले अक्षर मोठे असते. ही फाइल म्हणजे ‘मॉड्यूल.एक्स्पोर्ट्स’ला दिलेले एक फंक्शन असते आणि त्या फंक्शनला ‘ग्रंट’ हा एकच पॅरामीटर मिळतो. फंक्शनच्या आत तीन प्रकारच्या ओळी असतात. पहिली ‘ग्रंट.इनिटकॉन्फिग’ची, जिच्या महिरपी कंसात प्रत्येक कामाचा तपशील असतो. दुसरी ‘ग्रंट.लोडएनपीएमटास्क्स’ची, जी एकेक प्लगइन आत घेते. तिसरी ‘ग्रंट.रजिस्टरटास्क’ची, जी अनेक कामांच्या मालिकेला एक नाव देते.

तपशिलात सर्वांत बाहेर कामाचे नाव येते, उदाहरणार्थ ‘कॉपी’. त्याच्या आत आपण ठरवलेली लक्ष्ये येतात, उदाहरणार्थ ‘पाने’ आणि ‘छायाचित्रे’. ही नावे आपली असली तरी ती रोमन अक्षरांतच ठेवावीत. कामाचे नाव मात्र प्लगइनने ठरवलेले असते आणि ते बदलता येत नाही. ‘कॉपी’ एवढेच म्हटले की त्यातील सर्व लक्ष्ये चालतात. नावापुढे अपूर्णविराम देऊन लक्ष्य लिहिले की तेवढेच चालते.

फायली निवडताना एक तारका म्हणजे त्या फोल्डरमधील कोणतेही नाव, दोन तारका म्हणजे आतली कितीही खोल फोल्डरे, आणि सुरुवातीचे उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे वगळून’. जुळलेल्या फायली वर्णानुक्रमाने येतात. आमच्या चार जावास्क्रिप्ट फायलींपैकी ‘मूळ’ नावाची फाइल सर्वांत आधी यायलाच हवी, कारण इतर तिन्ही तिच्यातील फंक्शन वापरतात. त्यासाठी चौकोनी कंसातील यादीत आधी त्या फाइलीचे नाव आणि नंतर तारकेचा नमुना लिहावा. ती फाइल नमुन्यातही बसत असली तरी ग्रंट ती दुसऱ्यांदा घेत नाही.

प्लगइन एकेक करून

सातही प्लगइन एकाच आज्ञेत आणता येतात, पण तसे करू नये. एक आणावे, त्याचा तपशील लिहावा, चालवून पाहावे, मगच पुढचे आणावे. सगळे एकदम आणले आणि बिल्ड अडली, तर दोष नेमका कुठे आहे हे नवशिक्याला शोधता येत नाही.

पहिले ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-क्लीन’. ते ‘डिस्ट’ आणि मधल्या कामासाठी ठेवलेले ‘टीएमपी’ ही दोन्ही फोल्डरे पुसते. याचा तपशील लिहिताना हात सांभाळून चालवावा, कारण पुसलेले रीसायकल बिनमध्ये जात नाही. प्रकल्पाच्या फोल्डरबाहेरचे काही पुसायला हे प्लगइन स्वतःहून नकार देते. तो नकार ‘फोर्स’ या पर्यायाने मोडता येतो, पण तो मोडण्याची गरज भासली तर आपलीच मांडणी कुठेतरी चुकली आहे असे समजावे.

दुसरे ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-जेएसहिंट’, जे जावास्क्रिप्टमधील चुका बिल्डच्या आधीच पकडते. पर्यायांत ‘ईएसव्हर्जन’ ६ किंवा त्याहून पुढचा लिहावा. ते विसरल्यास प्रत्येक ‘कॉन्स्ट’ आणि ‘लेट’वर ताशेरे येतात आणि विद्यार्थी बिचारा आपलाच कोड चुकला असे समजून जुन्या ‘व्हार’कडे परततो.

तिसरे ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-अग्लिफाय’, जे जावास्क्रिप्ट मिनिफाय करते. बहुतेक नमुन्यांत आधी ‘कॉन्कॅट’ने चार जावास्क्रिप्ट फायली जोडून मग त्या अग्लिफायला दिलेल्या दिसतात. याची आवश्यकता नाही, कारण अग्लिफायला अनेक फायलींची यादी आणि एकच गंतव्य दिले तर तो त्या स्वतःच एकत्र करतो. प्रत्येक फाइल तो आधी वेगळी वाचत असल्याने शेवटचा अर्धविराम राहिल्यामुळे दोन फायली एकमेकींत गुंतण्याचा जुना त्रासही टळतो. जुन्या प्रकल्पातून या प्लगइनची जुनी आवृत्ती आली असेल तर ती ॲरो फंक्शन दिसताच थांबते. तेव्हा आवृत्ती वाढवावी. ‘सोर्समॅप’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे ब्राउझरमध्ये दोष दिसला तर मिनिफाय केलेल्या एका लांबलचक ओळीऐवजी आपला मूळ कोड समोर येतो.

सीएसएससाठी मात्र मी ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-कॉन्कॅट’ आवर्जून ठेवले आहे, आणि त्यामागे एक फजिती आहे. हाताने बिल्ड करत असताना मी विंडोजच्या ‘कॉपी’ आज्ञेने तिन्ही सीएसएस फायली जोडत असे. एकदा जोडलेल्या फाइलीत शोधपेटीची सारी सजावट नाहीशी झाली. मूळ फाइल सुटी जोडली की सगळे ठीक, एकत्र केली की बिघाड, असा दीड दिवस गेला. दुसरी फाइल एका सहकाऱ्याने नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवण्याची पद्धत) म्हणून जतन केली होती आणि त्या काळातला नोटपॅड अशा फाइलीच्या आरंभी ‘बॉम’ नावाचे एक न दिसणारे चिन्ह घालत असे. फाइल सुटी असते तेव्हा ब्राउझर ते चिन्ह दुर्लक्षितो, परंतु जोडलेल्या फाइलीत ते मधोमध आले की सीएसएस त्याला पुढच्या नावाचाच भाग समजते. त्यामुळे दुसऱ्या फाइलीतील पहिला नियम कुठल्याच घटकाला लागू होत नाही. जावास्क्रिप्ट हेच चिन्ह मोकळी जागा समजून सोडून देते, म्हणून तिथे हा दोष कधी दिसला नव्हता. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड बॉमविना यूटीएफ-८ जतन करू लागला आहे, पण जुन्या फायली जुन्याच राहतात. ग्रंट फाइल वाचतानाच हे चिन्ह काढून टाकतो, आणि मराठी मजकुराच्या फायली अनेक हातांतून फिरत असल्यामुळे ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते.

जोडलेली सीएसएस ‘टीएमपी’मध्ये ठेवून पुढे ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-सीएसएसमिन’ने मिनिफाय करावी. सीएसएसमध्ये फॉन्टचा जो मार्ग लिहिलेला असतो तो त्या सीएसएस फाइलीच्या अंतिम जागेपासून मोजला जातो. ‘एसआरसी’मध्ये सीएसएस ज्या खोलीवर होती त्याच खोलीवर ती ‘डिस्ट’मध्ये गेली नाही, तर फॉन्ट सापडत नाही आणि देवनागरी मजकूर संगणकातील दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमध्ये दिसू लागतो. मजकूर दिसत असल्याने हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

आवृत्तीक्रमांकाचा प्रश्न

वाचकांचे फोन जुनी सीएसएस आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि नवे बदल त्यांना दिसत नाहीत. यावरचा साधा उपाय म्हणजे फाइलीच्या नावातच आवृत्तीक्रमांक असणे. तपशिलाच्या आरंभी ‘पीकेजी’ या नावाने ‘ग्रंट.फाइल.रीडजेसन’ वापरून पॅकेज फाइल वाचून घ्यावी. मग गंतव्याच्या नावात टक्के आणि बरोबर या चिन्हांच्या ग्रंट-नमुन्यात ‘पीकेजी.व्हर्जन’ लिहिले की तो क्रमांक तिथे आपोआप बसतो. दर वेळी नाव बदलत असल्याने ‘डिस्ट’मध्ये जुन्या फायलींचा ढीग साचू शकतो, ‘क्लीन’ मालिकेत सर्वांत आधी ठेवण्याचे हे मुख्य कारण.

आता एचटीएमएल पानांनाही हे नवे नाव कळायला हवे. मूळ पानांत क्रमांकाच्या जागी ‘@@व्हर्जन’ अशी खूण लिहावी. ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-कॉपी’मध्ये ‘प्रोसेस’ नावाचा पर्याय आहे. त्याला दिलेल्या फंक्शनमध्ये त्या खुणेच्या जागी खरा क्रमांक घालता येतो. परंतु हा पर्याय केवळ पानांच्या लक्ष्यातच लिहावा. तो सर्व लक्ष्यांना लावला तर छायाचित्रे आणि फॉन्टही मजकूर म्हणून वाचले जातात, त्यांतील माहिती बिघडते आणि ती उघडतच नाहीत. म्हणूनच वर ‘पाने’ आणि ‘छायाचित्रे’ ही दोन लक्ष्ये वेगळी ठेवली होती. फॉन्टचे फोल्डर छायाचित्रांच्याच लक्ष्यात घालावे. कॉपी करताना ‘एक्स्पांड’ हा पर्याय खरा ठेवून ‘सीडब्ल्यूडी’मध्ये ‘एसआरसी’ लिहावे, नाहीतर ‘डिस्ट’च्या आत पुन्हा ‘एसआरसी’ नावाचे फोल्डर तयार होते.

मालिका बांधणे आणि चालवणे

शेवटी ‘ग्रंट.रजिस्टरटास्क’ने ‘डिफॉल्ट’ या नावाखाली क्लीन, जेएसहिंट, अग्लिफाय, कॉन्कॅट, सीएसएसमिन, कॉपी ही मालिका याच क्रमाने लिहावी. ‘डिफॉल्ट’ हे नाव राखीव आहे. नुसते ‘ग्रंट’ म्हटले की हीच मालिका चालते. एखादे काम फसले तर ग्रंट तिथेच थांबतो, आणि थांबताना ‘--फोर्स’ वापरून पुढे जाता येईल असे सुचवतो. तो सल्ला ऐकू नये. ‘डिस्ट’ अर्धवट भरलेले असताना कुणीतरी ते सर्व्हरवर चढवते, हा अनुभव आम्ही एका गणेशचतुर्थीला घेतला आहे.

दिवसभर बदल करत बसायचे असेल तर ‘ग्रंट-कॉन्ट्रिब-वॉच’ आणावे. ते फायलींवर लक्ष ठेवते आणि बदल जतन होताच ठरवलेली कामे चालवते. सीएसएस बदलली तर फक्त कॉन्कॅट आणि सीएसएसमिन चालावे, असे वेगळे लक्ष्य लिहावे. हे काम आपणहून संपत नाही, ते कंट्रोल आणि सी दाबून थांबवावे लागते, म्हणून त्याला ‘डिफॉल्ट’ मालिकेत स्थान नाही.

अडल्यास काय पाहावे

प्रकल्पातील ग्रंट सापडत नाही, असा संदेश आला तर बहुधा आपण चुकीच्या फोल्डरमध्ये उभे असतो किंवा ‘एनपीएम इन्स्टॉल’ द्यायचे राहिलेले असते. अमुक काम सापडत नाही, असा संदेश आला तर त्या प्लगइनची ‘लोडएनपीएमटास्क्स’ची ओळ लिहिलेली आहे का आणि नावातील जोडरेघा जागच्या जागी आहेत का, ते पाहावे. ग्रंटफाइल वाचतानाच चूक आली तर दहातल्या नऊ वेळा दोन लक्ष्यांमधला स्वल्पविराम राहिलेला असतो. याखेरीज काही असेल तर आज्ञेला ‘--व्हर्बोज’ जोडून चालवावे. ग्रंटने नेमक्या कुठल्या फायली उचलल्या ते त्यात दिसते, आणि यादी रिकामी असेल तर दोष तारकांच्या नमुन्यात आहे हे कळते.

एक दोष मात्र ग्रंट दाखवत नाही. विंडोज फाइलीच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद करत नाही, सर्व्हरवरील लिनक्स करतो. आपल्या संगणकावर नीट दिसणारे मुखपृष्ठ सर्व्हरवर गायब झाले तर आधी नावातील अक्षरे ताडून पाहावीत.

पॅकेज फाइल, तिच्याबरोबर तयार झालेली ‘पॅकेज-लॉक.जेसन’ आणि ग्रंटफाइल या तिन्ही गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवाव्यात. ‘नोड_मॉड्यूल्स’ (एनपीएमने आणलेल्या पॅकेजांचे फोल्डर), ‘टीएमपी’ आणि ‘डिस्ट’ ठेवू नयेत. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने प्रकल्प आपल्या संगणकावर उतरवून घेतला की ‘एनपीएम सीआय’ आणि ‘एनपीएम रन बिल्ड’ या दोनच आज्ञा द्यायच्या. पहिली आज्ञा लॉक फाइलीत लिहिलेल्या नेमक्या आवृत्त्या आणते, त्यामुळे माझ्या संगणकावर तयार झालेले ‘डिस्ट’ आणि त्याच्या संगणकावरचे सारखेच निघते. पहिल्या दिवशी त्याने ही दोन फोल्डरे ताडून पाहावीत आणि फरक निघाला तर काही चढवण्यापूर्वी मला फोन करावा.